पंगतीत न बसणारे नाना

आमचे नाना जळगावातल्या यच्चयावत लग्नांना जातात आणि एकाही पंगतीत जेवत नाहीत. पानं मांडली की ते दोन रांगांच्या मधून हात मागे बांधून फिरतात आणि मांडवातला सगळ्यात जाड माणूस शोधतात. मी बरोबर असलो की शोधायचे कष्ट वाचतात.

मग माझ्या पानावरून कोणीतरी बोलतंच. "सर, तूप जरा बेतानं हं!" हे वाक्य मी इतकं ऐकलंय, की आता उसनं हसायचाही कंटाळा येतो. पण नाना तिथेच थांबतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि त्या गृहस्थाला विचारतात, "तुम्ही यांचे मायक्रोआरएनए तपासलेत?"

झालं. माझं जेवण संपलं असं समजायचं.

नाना आमच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात, मी भूगोल. स्वतः अगदी काडी, पण संशोधन आयुष्यभर लठ्ठपणावर. ते समजावून सांगायला त्यांना पंगतच लागते. "हे पाहा, जनुक म्हणजे आचारी. त्यानं निरोप दिला, तिसऱ्या रांगेत वरण न्या. वाढपी निघाला. मधे हा बारकासा मायक्रोआरएनए उभा! त्यानं वाढप्याला धरून ठेवलं. वरण पोचलंच नाही. आता जेवणाऱ्याला बोलून काय उपयोग? मधला बघा, मधला!"

तोवर तिसऱ्या रांगेत वरण खरोखरच पोचलेलं नसतं, कारण वाढपी बादली धरून नानांचं ऐकत उभा असतो.

"मधला बघा" हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. धुळ्याची बस वेळेवर आली नाही, मधला बघा. नळाला पाणी नाही, मधला बघा. चरबीच्या पेशी मायक्रोआरएनएचे हे बारके तुकडे रक्तात सोडतात, ते पार यकृतापर्यंत जातात आणि साखरेचा कारभार बिघडवतात, हे मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा ऐकलंय की भूगोलाच्या तासाला नद्यांऐवजी तेच तोंडात येतं.

एकदा वैतागून विचारलं, "नाना, एकदाचं सांगा. माझा दोष आहे की नाही?"

"तसं ठाम नाही सांगता येत हो. खाणं, झोप, घराणं, सगळ्यांचाच हात असतो. मधल्याचा नेमका किती, ते अजून नीट उलगडलेलं नाही."

"मग चालायला जाऊ की नको?"

"जा," नाना म्हणाले. इतकं ऐकून घेऊन शेवटी चालणं काही सुटलं नाहीच.

परवा त्यांच्या मुलीचा साखरपुडा झाला, पारोळ्याला, त्यांच्या मोठ्या बहिणीच्या घरी. आई लवकर गेली, तेव्हा याच अक्कांनी नानांना वाढवलं. अक्का अंगानं माझ्याहून दुप्पट. बेत वरण-बट्टीचा. बायकांची पंगत बसली, पण अक्का काही दिसेनात. नानांचा जीव थाऱ्यावर नव्हता. चारदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन परत आले.

"अक्का पंगतीत बसतच नाहीत," वहिनी, म्हणजे नानांच्या पत्नी, माझ्या कानाशी म्हणाल्या. "आमच्या लग्नात कोणीतरी ओरडलं होतं, अक्कासाठी दोन पाट मांडा रे! सगळा मांडव हसला. हेही हसले. तेव्हापासून अक्का सगळ्यांचं आटोपल्यावर एकट्याच स्वयंपाकघरात जेवतात. आणि हेही कुठल्याच पंगतीत बसलेले नाहीत. आज मुलीशेजारी अक्कांना बसवायचं, असं ठरवून आलेत."

इतकी वर्षं मी समजत होतो, हा माणूस माझी बाजू घेतोय.

माझी मधुमेहाची गोळी घ्यायला पाणी हवं होतं म्हणून आत गेलो. चुलीपाशी अक्का, समोर उकिडवे बसलेले नाना. घरच्या अहिराणीत सुरू झालेच होते. "अक्का, तुना दोष नही. शास्त्रच सांगस. ते मधला..."

"दोष कोना शे ते माले कसाले सांगस, भाऊ?" अक्का थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "मी जाडी शे, माले मालूम शे. तू हासना व्हता, ते मी कधीनीच इसरी गयी. बाहेर पंगतमा नही येवाव मी. पन एकली जेवीजेवीसन कटाळा उना माले. आठे बस, मनासंगे."

नानांनी चष्मा कपाळावर चढवला. मी 'मधला बघा'ची वाट पाहत होतो. पण ते तिथेच, अक्कांशेजारी, फरशीवर मांडी घालून बसले. अक्कांनी एकाच ताटात दोघांसाठी बट्ट्या कुस्करल्या, वरण ओतलं, वर तुपाची धार धरली.

मी पाणी न घेताच दारात उभा होतो. तूप ताटाच्या काठापर्यंत आलं, तरी नाना पुरे म्हणाले नाहीत.