एका फ्रीजमधली दोन पुडकी

धाकट्या जावेच्या चॉकलेट पफचं नाव निघालं, की थोरलीच्या पोटात दुखायला लागायचं. सणाच्या दिवशी खालच्या मजल्यावर सगळं घर जेवायला जमे. शेवटी धाकटी पफचं ताट आणी, सासूबाई एक पफ डोळे मिटून खात आणि मग धाकटीच्या पाठीवर हात ठेवत. तो हात थोरलीच्या पाठीकडे आजवर कधी वळला नव्हता. त्यात थोरलीचा नवरा, जो घरी भाजी कशी झाली हेही सांगत नसे, तो तिथे बोटं चाटत बसायचा.

यंदा पफ आपणही करणार, असं थोरलीने जाहीर करून टाकलं. कितीतरी दिवस ती लपूनछपून सराव करत होती. मैदा मळायचा, मध्ये बटर ठेवून घडी घालायची, लाटायचं, गार करायचं, पुन्हा घडी. पीठ गार राहिलं नाही तर बटर वितळून पिठातच मिसळतं आणि पफ फुलत नाही, एवढं तिला पक्कं कळलं होतं. आणि नेमका सणाच्या सकाळी तिचा फ्रीज बंद पडला.

घरात दुसरा फ्रीज एकच, तोही धाकटीचा. नाक मुठीत धरून थोरली पिठाचं पुडकं खाली घेऊन गेली. धाकटीने हसून जागा करून दिली, ते हसणंही थोरलीला झोंबलं. एकाच कप्प्यात चंदेरी कागदातली दोन पुडकी शेजारी शेजारी बसली. डावीकडचं धाकटीचं, उजवीकडचं थोरलीचं.

दुपारी ती पुडकं न्यायला आली, तेव्हा धाकटी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. थोरलीचा हात उजवीकडे गेला आणि थबकला. हिच्या पिठातच काहीतरी असणार, असं तिच्या मनाने घेतलं. तिने डावीकडचं पुडकं उचललं, आपलं त्याच्या जागी सरकवलं आणि ही काही चोरी नव्हे, नुसती अदलाबदल आहे, अशी जिना चढता चढता स्वतःची समजूत घातली.

लाटायला घेतलं, तर पीठ पोळपाट सोडेना. बटर चहूबाजूंनी बाहेर यायला लागलं. धाकटीचं असंच असेल, म्हणत तिने चॉकलेट भरलं आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. थोड्या वेळाने पाहिलं, तर पफ खाली बसले होते आणि चॉकलेट ट्रेभर फिरत होतं. पिठीसाखर भुरभुरून तिने झाकता येईल तेवढी अब्रू झाकली.

जेवणं झाल्यावर नवऱ्याने तिचा पफ तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला.

“हे गिळायचं कधी?” त्याने विचारलं.

मग धाकटीचं ताट आलं. पदर सुटलेले, खुसखुशीत, चॉकलेट जागच्या जागी. सासूबाईंनी डोळे मिटून एक खाल्ला आणि दुसरा उचलला. दुसरा त्यांनी आजवर कधीच उचलला नव्हता. धाकटीच्या पाठीवर हात ठेवत त्या म्हणाल्या, “आजवरचे सगळे एकीकडे आणि आजचे एकीकडे. काय केलंस गं यंदा?”

‘ते माझे आहेत’ हे शब्द थोरलीच्या दातांपर्यंत आले आणि तिथूनच परत फिरले. एवढं सांगायचं, तर पुढचंही सांगावं लागलं असतं. आयुष्यात पहिल्यांदाच ती स्वतःच्या हाताच्या चवीवर जळत होती.

“मलाच कळलं नाही, आई,” धाकटी म्हणाली. “सकाळी पीठ बाहेर राहिलं, बटर पार वितळलं. टाकून द्यायचं जिवावर आलं म्हणून तसंच फ्रीजमध्ये ठेवलेलं. दुपारी बघते तर झकास झालेलं.”

सासूबाईंनी थोरलीकडे वळून मायेने सांगितलं, मनाला लावून घेऊ नकोस, हिच्याकडून शिकून घे. थोरलीने मान डोलावली.

आवराआवर करताना धाकटीने एका वाटीत झाकून ठेवलेले दोन पफ तिच्या हातात दिले.

“तुमच्यासाठी बाजूला ठेवले होते, ताई,” ती हळूच म्हणाली. “आणि फ्रीज दुरुस्त करायची घाई करू नका. पुढच्या सणालाही पीठ माझ्याकडेच ठेवा. सरळ डावीकडेच ठेवलंत तरी चालेल.”