पास न होणारा राखाडी

सासूबाई गेल्यावर सासऱ्यांना एकटं ठेवायचं नाही, हे ठरायला लेक-जावयाच्या घरात पाच मिनिटंही लागली नाहीत. त्यांच्या खोलीला कोणता राखाडी द्यायचा, हे मात्र महिना उलटला तरी ठरत नव्हतं.

राखाडीच का, तर सासरे एकदा बोलून गेले होते की पांढऱ्या भिंती आता बघवत नाहीत. सासूबाईंचे शेवटचे दिवस हॉस्पिटलात गेले आणि सासरे खाटेशेजारच्या स्टुलावर बसून समोरची पांढरी भिंत बघत राहिले होते. लेकीने ते मनाला लावून घेतलं. "बाबांच्या खोलीला काहीतरी गडद देऊ, डोळ्यांना शांत वाटेल असं," ती नवऱ्याला म्हणाली. नवऱ्याने मान डोलावली आणि तिथेच घोळ सुरू झाला, कारण तो कापड गिरणीत शेड तपासायला होता.

शेड तपासणारा माणूस घरात असणं हे एक दुखणंच असतं. रंगवलेलं कापड नमुन्याशी जुळतं की नाही, एवढंच त्याचं काम. पण ते तो एकदा खिडकीपाशी, एकदा ट्यूबखाली आणि एकदा पिवळ्या बल्बखाली बघे. गिऱ्हाईक 'नाही' म्हणालं की माल परत रंगायला पाठवायचा, वाद घालायचा नाही, हा तिथला कायदा. जावयाने मुलगीसुद्धा आधी उजेडात आणि मग दिव्याखाली बघून पसंत केली, असं सासरे पूर्वी चारचौघांत सांगायचे. हल्ली ते कुणाला काही सांगत नसत.

खोली रिकामी करून कपाट, टेबल आणि शिलाई मशीन हॉलमध्ये आणलं. रंगाऱ्याने भिंतीवर चार गडद चौकोन ओढले. तेवढ्यात सासऱ्यांच्या शेजाऱ्यांचा फोन आला, की तुमच्या बाबांनी दोन दिवस गॅस पेटवलेला दिसत नाही. लेक तशीच उठून गेली आणि त्यांना घेऊन आली. खोली तयार नव्हती, म्हणून त्यांची खाट हॉलमध्ये टीव्ही आणि कपाट यांच्यामध्ये लागली.

"बाबा, यातला कुठला आवडतोय?" जावयाने विचारलं.

"काहीही चालेल. मला आता काय करायचंय." मग थोडं थांबून ते म्हणाले, "हा जरा निळा मारतोय, नाही?"

जावई दचकला. त्याला निळा दिसला नव्हता. "ट्यूब लावून बघू?"

"लावा की." ट्यूब लागली. "आता तर जास्तच मारतोय."

झालं. गिऱ्हाईक 'नाही' म्हणालं होतं. नवे डबे आले, नवे चौकोन ओढले गेले. पुढच्या आठवड्यात एक सासऱ्यांना तपकिरीकडे झुकल्यासारखा वाटला आणि दुसरा ढगाळ हवेत हिरवट. जावई प्रत्येक वेळी भिंतीला नाक लावून बघे आणि आपले डोळे अधू झाले की काय या काळजीने गिरणीत जाई.

"साहेब, हे सगळे हत्तीच्याच रंगाचे आहेत. एक निवडा आणि मला मोकळं करा," रंगारी म्हणाला.

"हत्ती हत्तीत फरक असतो," जावई म्हणाला. त्यावर रंगारी दुसऱ्या कामावर गेला, तो आठवडाभर फिरकलाच नाही.

हॉलमध्ये तर हाल कुत्रा खात नव्हता. कपाटाने स्वयंपाकघराचं दार अर्धं अडवल्यामुळे लेक हातात पातेलं घेऊन तिरकी तिरकी ये-जा करी. मशीनचा कोपरा जावयाच्या गुडघ्याला रोज एकदा तरी लागे. नवरा-बायकोला भांडायचीही सोय उरली नाही, आवाज कितीही खाली ठेवला तरी खाटेवरून निकाल येई, "जावईबापू, या वेळी तिचं बरोबर आहे." एवढ्या गर्दीत बसून सासरे बातम्यांवर कुरकुर करत आणि दोन घास जास्त जेवत. कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

शेवटी जावयाने गिरणीतली युक्ती काढली. तपासणाऱ्याची नजर शाबूत आहे का हे बघायला तिथे एकच कापड दोनदा पुढे ठेवतात. त्याने एकाच डब्यातून दोन चौकोन ओढले आणि सासऱ्यांना आत बोलावलं.

"डावा लालसर आहे," सासरे क्षणभर बघून म्हणाले. "उजवा त्यातल्या त्यात बरा. पण फिका."

जावयाला ते फार लागलं. इतक्या वर्षांत त्याला कुणी असं बनवलं नव्हतं. त्याने बायकोला बाजूला घेतलं. "बाबा मुद्दाम नावं ठेवतायत."

"मुद्दाम कशाला ठेवतील? वय झालंय त्यांचं," ती म्हणाली.

त्याने त्याच डब्याचा रंग मुक्रर केला. रविवारी लेक वडिलांना डॉक्टरकडे घेऊन गेली, तेवढ्यात रंगाऱ्याला अक्षरशः हाताला धरून आणून त्याने खोली संपवली. चार दिवसांनी वास गेला, सामान आत गेलं, खाटही गेली. खरं सांगायचं तर खोली देखणी झाली होती. गिरणीतल्या कुठल्याही दिव्याखाली तो राखाडी पास झाला असता.

सासऱ्यांनी दारातूनच बघितलं. "छान झालीय हो," ते म्हणाले आणि उशी काखेत घेऊन आत गेले. दार लोटलं गेलं.

त्या संध्याकाळी त्यांनी ताट आतच मागितलं. ते अर्धं भरलेलं परत आलं. हॉल एकदम मोठा झाला होता. टीव्हीवर बातम्या चालू होत्या आणि कुणी कुरकुरत नव्हतं. जावयाने गुडघा चोळला. त्याला आज काही लागलं नव्हतं.

लेक ताट घेऊन स्वयंपाकघरात उभी होती आणि रडत होती. "अहो," ती म्हणाली, "ते रंग बघतच नव्हते. त्यांना त्या खोलीत एकटं बसायचं नव्हतं."

जावई उठला, दारावर टकटक करून आत गेला. सासरे खाटेवर बसून समोरची भिंत बघत होते. भिंत राखाडी होती, एवढाच काय तो फरक.

त्याने ट्यूब लावली, बंद केली, पुन्हा लावली. मग भिंतीला नाक लावून बराच वेळ उभा राहिला. चांगला माल त्याने आयुष्यात कधी नापास केला नव्हता, त्यामुळे शब्द जुळवायला त्याला वेळ लागला.

"बाबा, हे काही जमलेलं नाही. खिडकीकडची बाजू जांभळी मारतेय."

सासऱ्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मला तर बरी वाटतेय."

"तुम्हाला त्यातलं कळत नाही." त्याने त्यांची उशी उचलली. "पुन्हा करावं लागेल सगळं. तोवर बाहेरच झोपा."

सासरे पांघरुणाची घडी छातीशी धरून उठले. दारापाशी येऊन थांबले.

"किती दिवस लागतील?"

"सांगता येत नाही," जावई खाटेचं एक टोक उचलत म्हणाला. "फार अवघड रंग आहे हा."