छर्रा, पीळ आणि सर्जेरावांचा ड्रम

स्वरालीचा नेम चुकायला लागला आणि त्याचा सगळ्यात मोठा धक्का तिला नाही, तिच्या नवऱ्याला बसला.

स्वराली शाळेत गणित शिकवायची आणि संध्याकाळी क्लबात हवेवर चालणारं स्पर्धेचं पिस्तूल चालवायची. राज्य संघाची निवड तोंडावर आलेली. जी बाई दहा मीटरवरून टिकलीएवढ्या ठिपक्याला भोक पाडायची, तिचे छर्रे महिनाभर कागदावर वाट्टेल तिथे हिंडत होते.

तिचा नवरा हिमांशू वाळूजच्या एका कारखान्यात माल तपासणीला होता. काहीही बिघडलं, की दोष यंत्रातच असणार, ही त्याची श्रद्धा. त्याने पिस्तुलाच्या नळीत बॅटरी मारून एक डोळा मिटला.

"आत पीळदार खाचा आहेत बघ. छर्रा त्यांना घासत, गरगरत बाहेर पडतो. फिरतो म्हणून सरळ जातो, भोवऱ्यासारखा. पण घासतो म्हणून वेगही घालवतो! तुझे छर्रे शिशाचे. मऊ आणि जड. ते त्या खाचांत रुतून बसतात. हलका, कडक छर्रा घाल, सुसाट सुटेल."

"दहा मीटरवर सुसाट सुटून जायचंय कुठं?" स्वराली वह्या पिशवीत भरत म्हणाली. "क्लबात शिकवताना मोतीराम सर म्हणतात, नळीला जो छर्रा मानवतो तोच घालायचा. सगळे घालून बघितलेत आम्ही. हाच मानवला."

"मानवतो म्हणजे काय? ती नळी काय बाळंतीण आहे?"

"हिमांशू, माझ्या पिस्तुलाला हात लावायचा नाही." एवढं बजावून ती शाळेत गेली.

तिने हे बजावलं नसतं तर कदाचित काही झालं नसतं. त्या उन्हाळ्यात पाणीकपातीमुळे कारखान्याला मधूनच सुट्टी मिळत होती. हिमांशू घरी मोकळा होता, आणि हलक्या मिश्रधातूच्या सोनेरी छर्र्यांची डबी त्याने आधीच मागवून ठेवली होती. क्लबातून वेग मोजायचं यंत्रही उसनं आणलेलं. सगळं सामान घेऊन तो गच्चीवर गेला.

गच्चीच्या टोकाला, चौथऱ्यावर, इमारतीची सामाईक टाकी होती. तिच्यातलं पाणी सकाळी थोडा वेळ नळांना सोडलं जाई. टाकीला खेटून खाली ताडपत्रीखाली एक जुना निळा ड्रम होता. तो सोसायटीचे अध्यक्ष सर्जेराव यांचा. "सोताच्या टँकरचं पाणी हाय, अडीनडीला ठिवलंय," असं ते प्रत्येक बैठकीत सांगत आणि मग पाणी जपून कसं वापरावं यावर बोलत.

हिमांशूने चिंध्या कोंबलेलं खोकं ड्रमाच्या बऱ्यापैकी बाजूला ठेवलं. पहिला छर्रा शिशाचा. तो खोक्यात गेला. दुसरा सोनेरी. फट्! यंत्रावरचा आकडा झर्रकन वाढला. "बघ!" तो गच्चीवर कोणी नसताना ओरडला.

उत्तरादाखल समोरून चुळ्ळ असा आवाज आला.

खोकं होतं तसंच होतं. ड्रमाच्या पोटातून मात्र पाण्याची बारीक, लखलखीत धार सुटली होती. त्या वर्षी पाणी सांडणं म्हणजे देवळात चप्पल घालून जाण्यासारखं होतं. हिमांशू धावला, पिस्तूल खोक्यात टाकलं आणि भोकात बोट घातलं.

धार थांबली. पण आता बोट काढता येईना. फोन खाली, बूच नाही, ऊन डोक्यावर. एका हाताने ड्रमाला मिठी मारून तो उभा राहिला. तेवढ्यात वाळत घातलेल्या कुरडया न्यायला खालच्या मजल्यावरच्या रत्नमालाताई वर आल्या. त्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या आणि त्यांचा आवाज सगळ्या वॉर्डाला पुरायचा.

"अगं बाई! हिमांशूभाऊ, पाणी चोरता व्हय?"

"नाही हो ताई! पाणी अडवतोय!"

"दुसऱ्याच्या ड्रमला मिठी मारून?"

हिमांशूने भराभर विचार केला. खरं सांगावं तर 'गच्चीवर गोळीबार' म्हणून पोलीस येणार. न सांगावं तर पाणीचोर ठरणार. बजाजनगरात त्या साली दुसरा गुन्हा जास्त वाईट होता.

"ताई, मी याला भोक पाडलंय," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "पिस्तुलानं."

रत्नमालाताईंच्या हातातल्या कुरडयांचा चुरा झाला. त्यांनी अशी आरोळी ठोकली, की जिन्यावर पावलांचा धडधडाट सुरू झाला. सगळ्यांच्या पुढे सर्जेराव आले. कमरेला टॉवेल, कानामागे साबणाचा फेस.

"कोन हाय रे तिकडं? माझ्या ड्रमला हात लावायचा नाय!"

"काका, हात काढला तर..."

"काढ म्हंतो ना!"

हिमांशूने हात काढला. धार थेट वाकून बघणाऱ्या अध्यक्षांच्या छातीवर बसली.

"पाणी वाया चाललं की! बादल्या आना!" रत्नमालाताई ओरडल्या. मग गुन्हा, पोलीस, पिस्तूल सगळं मागे पडलं. बादल्या आल्या, हंडे आले, कुणीतरी कुकर आणला. "आरं, माझं हाय ते पाणी!" असं सर्जेराव ओरडत राहिले आणि लोक भरत राहिले.

भांडी संपली. धार संपेना.

"लई पाणी मावतं हो या ड्रमात," रत्नमालाताई सावकाश म्हणाल्या. "धार जरासुदिक बारीक व्हईना."

त्यांनी ताडपत्री ओढली आणि झाकण उचललं. आत प्लॅस्टिकचा चेंडू तरंगत होता. पाणी जरा खाली गेलं की चेंडू खाली जाई आणि एका नळीतून फुस्स करून नवं पाणी येई. नळी ड्रमामागून सामाईक टाकीच्या बुडाशी गेली होती. दुसरी नळी भिंतीवरून थेट सर्जेरावांच्या न्हाणीघरात उतरली होती.

सगळे सर्जेरावांच्या कानामागच्या फेसाकडे बघत राहिले.

"म्हंजी, ते... प्लंबरनं चुकून जोडलं आसंल," सर्जेराव म्हणाले आणि टॉवेल सावरत ज्या वेगाने जिना उतरले, तो मोजायला यंत्र तयारच होतं, पण कुणाला सुचलं नाही.

लोक हिमांशूची पाठ थोपटत असतानाच स्वराली शाळेतून आली. तिने बादल्या पाहिल्या, ड्रम पाहिला, मग खोक्यातलं पिस्तूल उचललं.

"कुठले छर्रे घातलेस?"

हिमांशूने डबी पुढे केली. "वेग वाढला, स्वराली. पण ते इतके कडक आहेत, की पीळ त्यांना धरतच नाही. म्हणून भरकटले. नळीचाच दोष..."

"एका छर्र्यावरून? तुझा नेम बघितलास का कधी? आता इकडं बघ." तिने रिकामं पिस्तूल भिंतीकडे धरलं. नळीचं टोक थरथरत होतं. "नळी हलतेय का हात हलतोय?"

"हात," हिमांशू चकित होऊन म्हणाला. "पण कशानं?"

"पिण्याच्या पाण्याचा टँकर तू कामावर गेल्यावर येतो, सुट्टीला तू झोपलेला असतोस. तीन मजले हंडा कोण चढवतं, असं वाटतं तुला?"

सबंध महिना हिमांशूने नळी तपासली, छर्रे तपासले, हवेचा दाबसुद्धा तपासला. हात तपासायचं डोक्यात आलं नव्हतं. घरातला माठ भरलेला असतो, तो कोण भरतं, हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडला, आणि दिवसभरातला हाच धक्का सगळ्यात जोरात बसला.

दुसऱ्या दिवसापासून तो टँकरपुढे रांगेत उभा राहून मग उशिरा कामावर जाऊ लागला.

निवडीच्या दिवशी स्वरालीच्या कागदावर सगळी भोकं एकाच ठिकाणी दाटीनं पडली. नाव पुकारलं गेलं. टाळ्या वाजवायला हिमांशूने हात उचलले, पण खांदे असे भरून आले होते, की हात पोटाच्या वर जाईनात.

मोतीराम सर आनंदाने पुढे आले. "वा! कोणते छर्रे घातले आज?"

"जुनेच, सर," स्वराली म्हणाली. "फक्त पाणक्या बदलला."