विमान वर हाय, गिरणी बंद

विमानात बसलेल्या माणसाला मोबाईल वापरू द्यावा की नाही, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? नसेलच केला. आमच्या जळकोटात तर विमानात बसणारी माणसंच मोजकी. तरीही आमच्या गल्लीचं दळण या एका प्रश्नावर अडून राहायचं.

कारण गिरणी मन्मथअप्पांची. त्यांचा मुलगा शिवराज बंगळुरूला एका कंपनीत आहे आणि कामासाठी सारखा विमानानं हिंडतो. मोबाईल बंद करण्याआधी तो अप्पांना फोन करायचा, उतरल्यावर पुन्हा करायचा. मधल्या वेळात अप्पा गिरणी बंद ठेवत, कारण तिच्या आवाजात रिंग ऐकू येत नाही. बायका डबे घेऊन आल्या की ते पिठानं पांढरं झालेलं बोट पत्र्याकडे करत आणि म्हणत, "वर हाय." पुढं काही नाही. बायका समजून घेत, किंवा समजून न घेता बसत.

शिवराज पुण्याला निघाला असेल तर रात्रीची भाकरी वेळेवर मिळायची. दिल्लीला निघाला की अर्ध्या गल्लीत खिचडी शिजायची. गल्लीतल्या मालनकाकूंनी एकदा सरळ विचारलं, की पोरगं तुमचं उडतंय तर उपाशी आमी का मरायचं? अप्पांनी शांतपणे त्यांना बसायला पोतं अंथरून दिलं.

मग विमानात आता इंटरनेट मिळतं, मेसेज करता येतो, पुढंमागं बोलताही येईल, अशी बातमी आली. गल्लीनं सुटकेचा निःश्वास टाकला. अप्पा मात्र पेटले आणि थेट माझ्याकडे आले.

मी पत्रकं काढतो. नळाच्या पाण्यासाठी काढली, एसटीसाठी काढली, दवाखान्यात डॉक्टर यावा म्हणून काढली. पाणी, एसटी आणि डॉक्टर, तिघंही अजून आपल्या मर्जीनंच येतात. अप्पांना माझ्याकडून नवं पत्रक हवं होतं: विमानात मोबाईलला बंदी कायम ठेवा. मी तत्त्व म्हणून नकार दिला. तिकीट काढलं म्हणून माणसाचा बोलण्याचा हक्क जात नाही, असं बरंच काही सांगितलं.

"आन् पायलटच्या कानात कुणाची मेव्हणी बोलाय लागली, तर त्यो इमान कुठं नेऊन टाकंल?" अप्पांनी विचारलं.

जाणकार लोक तपासूनच परवानगी देतात, असं मी म्हणालो. त्यावर ते गिरणीतला जुना रेडिओ घेऊन आले, त्याला आपला मोबाईल चिकटवला आणि मला फोन लावायला सांगितलं. रेडिओ खरखरला. अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की खटला संपला. नंतर जो भेटेल त्याला ते ती खरखर ऐकवू लागले. मी थकून गेलो. ज्या गावात पाणी कधी येईल ते सांगता येत नाही, तिथं मी विमानातल्या मोबाईलवरून भांडत होतो.

परवा दळण घेऊन गेलो तर गिरणी जोरात चालू होती. मालनकाकू गरम पिठाचा डबा कमरेवर घेऊन खुशीत निघाल्या होत्या. शिवराज गावाकडं आलाय का, असं मी अप्पांना ओरडून विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि गिरणी बंद केली. शिवराज दिल्लीच्या विमानात होता. तिथं आता नेट आहे, मेसेज टाकत जाईन, फोनची वाट बघत बसू नका, असं त्यानं कळवलं होतं. सोबत ढगांचा फोटोही होता.

बरं झालं, काळजी मिटली, असं मी म्हणालो.

"काळजी कुणाला व्हती?" अप्पा पोत्यावर बसले. "इमान पडत न्हाय, येवढं मलाबी कळतंय. पर फोन बंद करायचा म्हणून तरी त्याला माझी आठवण यायची. निघताना एकदा, उतरल्यावर एकदा. सणाला करत न्हाय त्यो. आता त्याचा फोन बंदच व्हायचा न्हाय, मग मला कशाला लावंल?"

माझ्याजवळ हक्कांची वाक्यं भरपूर होती. त्यातलं एकही तिथं चाललं नसतं.

अप्पा उठले. ज्वारी का गहू, एवढंच विचारून माझा डबा घेतला आणि गिरणी सुरू केली. एका हातानं धान्य ओतत होते. दुसरा हात शर्टाच्या खिशावर होता, आतला मोबाईल थरथरला तर कळावं म्हणून.

अप्पांचं पत्रक मी काढलं नाही, काढणारही नाही. विमानात मोबाईल खुशाल वापरा, तो तुमचा हक्कच आहे. माझं मागणं एवढंच आहे: विमानाचं दार लागण्याआधी घरी फोन लावा. मेसेज नको, फोन. आणि लगेच कुणी उचलला नाही तर कापू नका. गिरणी बंद करून यायला थोडा वेळ लागतो.