दहा बाळांची बाटली

गोवराची लस टोचल्याशिवाय वाघजाईच्या धनगरवाड्यावर कुठल्याच बाळाचं वय नऊ महिन्यांच्या पुढे सरकत नसे. आणि दहा बाळं जमल्याशिवाय लसीची बाटली उघडत नसे, कारण एकदा उघडली की उरलेली लस फेकावी लागते आणि वाया गेलेल्या लसीचा जाब वर द्यावा लागतो. वाया गेलेल्या वर्षांचा जाब मात्र कुणी मागत नसे.

ठकू झोरेची सगुणा तिसऱ्या वर्षीही नऊ महिन्यांचीच होती. धरून उभी राही, एक पाऊल उचली आणि बसकण मारी. ठकूचा जीव तीळ तीळ तुटे. पोर एकदा अंगणात पळताना दिसावी, एवढंच तिला हवं होतं. पण वाड्यावर माणसं मूठभर, बाळं होऊन होऊन किती होणार? नवी सून आली की अख्खा वाडा हात धुऊन तिच्या मागे लागे.

शेवटी एकदाचं दहावं बाळ नऊ महिन्यांचं झालं. कुंभार सिस्टरांनी बुधवारी येते म्हणून कळवलं. त्याआधीच गोवर आला. त्याला दहा बाळं लागत नाहीत, एक पुरतं. सोमवारी सगुणाला माती दिली.

बुधवारी सिस्टर धापा टाकत डोंगर चढून आल्या. शाळेच्या ओट्यावर बर्फाचा डबा ठेवून त्यांनी बाळं मोजली.

"नऊच आहेत. दहावं कुठंय?"

कुणीतरी सांगितलं. सिस्टर स्वभावाने चांगल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले.

"फार वाईट झालं हो. पण आता बाटली नाही उघडता येणार."

"माझ्या दंडात टोचा," ठकू पुढे होऊन म्हणाली. "दहावी मी. बाकीची पोरं तरी वाढूद्यात."

"तुम्ही नऊ महिन्यांच्या आहात का, ठकूबाई?"

वाड्यावरच्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मग शेजारची बायाक्का आपलं पोर कडेवर सावरत पुढे आली. तिला लाज वाटत होती, पण तिने विचारलंच.

"ठके, तुझा मालक मुंबैवरनं कधी यायचा गं?"

ठकूने त्या नऊ पोरांकडे पाहिलं.

"शिमग्याला," ती म्हणाली.

सिस्टरांनी बोटांवर नऊ महिने मोजले, मग आणखी नऊ मोजले, आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"चालेल. तोवर आणखी कुणी कमी होऊ देऊ नका."