बर्फोजीराव गोधडींत राहिले त्याची हकीकत

॥ अन्नपूर्णा साक्ष. सरकार निजल्या आहेत, वाचणारानें आवाज न करावा ॥

शके १९४६, वैशाख मास, ऊन प्रलयाचें. एके राज्यीं कृत्तिकाबाईसाहेब, वय वर्षें चार, गादीवर होत्या. त्यांनीं दोन वाट्या पाणी फ्रीजमध्यें ठेवविलें आणि दोन बर्फोजी जन्मास आले, थोरले आणि धाकटे. तेव्हां हुकूम जाहला कीं, "बाबाला दाखवायचे." बाबा चाकरीवरून सहास येणार, आणि आतां दोन वाजले. मातोश्री म्हणाल्या, "तोवर परत आत ठेवू." सरकार म्हणाल्या, "आत अंधार आहे. ते घाबरतात." मग दोघे बाहेरच राहिले आणि पाझरूं लागले, आणि सरकार रडकुंडीस आल्या, "आई, हात लाव, किती गार पडलेत! माझी गोधडी दे त्यांना."

आजीसाहेब म्हणाल्या, "अगं वेडाबाई, उकडून मरतील! पंख्याखाली ठेव." मातोश्री विज्ञानाच्या पदवीधर, परंतु चार वर्षें पुरती झोप नाहीं, त्यांचीही मति गुंग जाहली. मग तह ठरला: थोरले पंख्याखालीं, धाकटे गोधडींत.

चार वाजतां थोरले कैलासवासी जाहले, वाटींत निव्वळ पाणी. सरकारांनीं आकांत मांडिला, आणि गोधडी उघडावयास कोणी धजेना. तों आजीसाहेबांस आठवलें, "माझ्या लग्नात बर्फाची लादी भुशात घालून, वर गोणपाट गुंडाळून आणली होती. का, ते कोण विचारतंय!"

मातोश्री चांचपडत म्हणाल्या, "म्हणजे गोधडी ऊब देतच नाही. बाहेरची आत येऊ देत नाही."

"मग थंडीत गं?"

"तेव्हा आपली बाहेर जाऊ देत नाही."

"म्हणजे नुसती दारात उभी राहून अडवते? सासूसारखी म्हण की!" ऐसें वदून आजीसाहेब आपणच हंसल्या.

सहास बाबा आले, आणि बूटही न काढितां बसले, आणि गोधडी उघडिली. धाकटे बर्फोजी सुपारीएवढे, परंतु होते! बाबांनीं तळहातीं घेऊन मुजरा केला, आणि ते तेथेंच विरघळले.

सरकार हात निरखून म्हणाल्या, "बघून गेला ना तुला?"

"गेला गं राणी. नीट बघून गेला."

सारांश, धाकटे कामगिरी करून गेले. गोधडी भिजली ती दोरीवर आहे, म्हणोन सरकार मातोश्रींचे मांडीवर निजल्या. आतां कोण कोणास ऊब देतें, हा निवाडा राज्यांत कोणासही करवत नाहीं.