हळर्णच्या किल्ल्यावर मरण

"मरण बघायचं तर माझं बघा!" बाबाजी छाती फुगवून सांगत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत, जत्रांच्या नाटकांत ते तलवारीने मेले होते, विषाने मेले होते, नुसत्या विरहानेही मेले होते. एकदा मरायला लागले की प्रेक्षकांचा चहा पिऊन होई!

म्हणून तर मुंबईचा दिग्दर्शक हळर्णच्या पडक्या किल्ल्यावर चित्रपट करायला आला, तेव्हा म्हाताऱ्या किल्लेदाराचं काम त्यांच्याकडे आलं. एकच प्रसंग. गोळी लागते, किल्लेदार मरतो. "हे जमलं तर पुढच्या चित्रपटातही तुम्हीच!" दिग्दर्शक म्हणाला. झालं! बाबाजी दिवसभर ओसरीवर मरून पडायची तालीम करत होते. गावही सगळं शूटिंगला लोटलं.

गोळी सुटली. बाबाजी झोकांडले, बुरुजाला धरलं, आणि सुक्या पानासारखे अलगद निजले. झकास! तेवढ्यात जत्रेचे पुढारी सगुण उठले.

"थांबा! बाबाजीक गावातर्फे बक्षीस!"

आपल्याकडची रीतच ती. प्रवेश रंगला की खेळ थांबवून बक्षीस पुकारायचं. नट राजा असो की प्रेत, पुढे येऊन घ्यायचं.

बाबाजी उठले. एक हात जखमेवर तसाच ठेवून दुसऱ्याने नारळ घेतला, चौफेर वाकले, आणि जागेवर येऊन पुन्हा मेले.

"कट! अहो, तुम्ही मेला आहात!"

"मेलंय खरो. पण गावाचो मान मेलेल्यान सोडूचो?"

"उठायचं नाही म्हणजे नाही!"

पुन्हा गोळी. पुन्हा मरण, पहिल्याहून सरस. "आता शाल!" सगुण ओरडले. प्रेत हललं नाही. पायाचा अंगठा तेवढा कासावीस झाला.

"बाबाजी सिनेमात गेलो आनी गाव इसारलो!" गर्दीतून कोणी म्हणालं.

"गर्व चढलो, दुसरां काय!"

त्यांच्या बायकोला, सुमंगलेला, ते ऐकवेना. पदर खोचून ती तरातरा कॅमेऱ्यासमोरून गेली, शाल घेतली आणि नवऱ्याच्या अंगावर घातली.

"घेतलंय हां! तुमी निवांत मरा."

"बरां," प्रेत म्हणालं.

दिग्दर्शक दगडावर मटकन बसला. "या गावात हा माणूस मरणार नाही. गोष्ट बदला! किल्लेदार वाचतो, शेवटपर्यंत राहतो!"

गावाने टाळ्या पिटल्या. बाबाजींचा चेहरा तेवढा पडला. "सुमंगला, आता जगून दाखवा म्हणतत. ता माका खंय येता?"

दुसऱ्या दिवशी काम एवढंच, खाटेवर बसून पेज खायची.

"कशी खाऊची गे?"

"रोज खातात तशी!"

त्यांनी खाल्ली. दिग्दर्शक खूश होऊन "कट" म्हणाला, दिवे मालवले, माणसं सामान आवरू लागली. बाबाजी अजून खातच होते. वाटीतून मान वर करून ते सुमंगलेला म्हणाले,

"वायच लोणचां आसा?"